एका सामन्याची अट

मिर्कोचा गुडघा उल्काच्या हाताखाली आला तेव्हा सुजून पपनसाएवढा झाला होता. आतली फाटलेली कूर्चेची गादी डॉक्टरांनी शिवली होती, पुढचं काम उल्काचं. ती क्लबची फिजिओथेरपिस्ट. मिरजेत शिकलेली, नवऱ्याच्या, अंबरीशच्या नोकरीमुळे आइंडहोवनला आलेली. इथे डच शिकून आपली पदवी मान्य करून घेण्यात तिची उमेदीची वर्षं गेली, आणि एवढं करून पदरी पडला तो दुसऱ्या डिव्हिजनमधला, गुणतक्त्याच्या तळाशी घुटमळणारा हा क्लब.

मिर्को इटलीचा, क्रेमोनाजवळच्या एका खेड्यातला. बचावपटू. सोळाव्या वर्षी एका बड्या क्लबने त्याला उचललं, तेव्हा गावातल्या लोकांनी चर्चबाहेर त्याच्या वडिलांना मिठ्या मारल्या होत्या. पण त्या क्लबच्या पहिल्या संघातून तो एकदाही खेळला नाही. दर उन्हाळ्यात त्याला लोनवर, म्हणजे दुसऱ्या क्लबला उसना, कुठेतरी धाडायचे. कधी सार्डिनिया, कधी पुलिया, एकदा तर स्लोव्हेनिया. नवा कोच, नवं घर. जरा जम बसतोय तोवर परत बोलावणं. तिशी जवळ आली तसं त्यांनी त्याला मोकळं केलं आणि तो इथे आला. इथे वेगळंच दुखणं. डच कोचला बचावातून चेंडू खेळवत पुढे नेणारा माणूस हवा होता.

"मला लहानपणापासून सांगितलं, तुला ओलांडून कुणी जाता कामा नये," तो उल्काला तावातावाने सांगायचा. "आता म्हणतात, तू स्वतः पुढे का जात नाहीस!"

तरी त्याने डोकं खाली घालून जागा कमावली होती. आणि मग गुडघा गेला.

पेशंट म्हणून तो भयंकर होता. बाहेर पाऊस आणि वारा, आत तेच ते व्यायाम. एकदा त्याने रबरी पट्टा भिंतीवर भिरकावला.

"तू मार्च म्हणाली होतीस!"

"मार्चच म्हणाले. अजून फेब्रुवारी चाललाय. उचल तो पट्टा आणि बस खाली."

तो इटालियनमध्ये काहीबाही पुटपुटला, पण बसला. आणि मार्चमध्ये खरंच धावला, वळला, उडी मारून हेडर घेतला. उल्काने चारचारदा तपासलं. गुडघा ठणठणीत होता.

त्याच आठवड्यात क्लबचा संचालक रूलोफ याने तिला केबिनमध्ये बोलावलं. कॉफी स्वतः आणून दिली, तेव्हाच काहीतरी शिजतंय याचा तिला वास आला.

"मिर्कोला अजून आराम हवा, असं लिहिशील का? सीझन संपेपर्यंत?"

"का? तो बरा झालाय."

"आणखी एक सामना खेळला की त्याचा करार आपोआप वर्षभर वाढतो. तशी अट आहे. बोर्डाला तो नकोय."

"मग कोचला सांगा, खेळवू नकोस. माझ्या तोंडून त्याचा गुडघा कशाला दुखवताय?"

रूलोफने खांदे उडवले. "ठीक आहे. तसं तर तसं."

उल्का तडक मैदानावर गेली आणि मिर्कोला सगळं सांगून टाकलं. तो खो खो हसला. "लिही, फिट म्हणून लिही! बघू काय करतात."

तिने लिहिलं. घरी अंबरीशला सांगताना तिचा आवाज जरा चढलाच होता, अभिमानाने.

काय केलं त्यांनी? काहीच नाही. मिर्को रोज सराव करायचा आणि शनिवारी ग्राउंडवर येऊन प्रेक्षकांत बसायचा. राखीव खेळाडूंतही त्याचं नाव नसे. कोचला विचारलं की उत्तर एकच: डावपेचाचा भाग आहे. खेळाडूंच्या संघटनेने कळवलं, कुणाला खेळवायचं ते कोचच ठरवणार. उल्का रूलोफसमोरून जाताना मुद्दाम मान वळवायची. त्याने त्याला काय फरक पडणार होता!

एप्रिलअखेर मिर्को तिच्या खोलीत आला, दार आपटून.

"बेल्जियमच्या एका क्लबने माझ्या एजंटला विचारलं, जखमी आहे का? तो म्हणाला, नाही, फिट आहे. मग खेळत का नाही, म्हणाले. संपलं. त्यानंतर फोनच उचलत नाहीत."

"यात माझं काय चुकलं?"

"जखमी माणसासाठी लोक थांबतात, उल्का. धडधाकट असून घरच्याच क्लबने बसवून ठेवलेला माणूस कोण घेणार?"

"तूच म्हणालास, लिही!"

"तेव्हा मला वाटलं होतं, लिहिलंस की खेळवतील!"

तिलाही तसंच वाटलं होतं. पण ते तिने कबूल केलं नाही. उलट ओरडली, "मग खोटं लिहायचं होतं का मी?" तो निघून गेला. त्या दिवशी एका खेळाडूच्या पोटरीला तिने इतका जोर लावला, की तो कळवळला.

जूनमध्ये मिर्कोचा करार संपला. तिचा मात्र वाढवला. रूलोफने हात हातात घेऊन तिच्या सचोटीचं कौतुकही केलं. तिला पगार हवा होता, फिजिओथेरपिस्ट म्हणून नोंदणी टिकवायची होती. तिने सही केली आणि सायकलवर टांग मारताना स्वतःलाच दोन शिव्या हासडल्या.

इटलीला परत जायची मिर्कोला लाज वाटत होती. तो हेलमंडजवळच्या एका हौशी क्लबात खेळू लागला, आणि एरवी फरशांच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवू लागला.

सप्टेंबरात एका रविवारी उल्का अंबरीशला घेऊन त्याचा सामना बघायला गेली. कठड्याला टेकून बियर पिणारे जेमतेम शे-दीडशे लोक. मिर्को नव्वद मिनिटं पोरांवर खेकसत होता. सामना शून्य-शून्य सुटला. कुणालाही त्याला ओलांडून जाता आलं नव्हतं, आणि त्याचं कुणाला फारसं कौतुकही नव्हतं.

तो कठड्याजवळ आला. "तुझे लोक काल हरले म्हणे."

"चार गोल खाल्ले."

क्षणभर त्याचा चेहरा उजळला. मग पुन्हा आंबट झाला. "मला घालवलं ना!" तो म्हणाला.

उल्काला खूप काही बोलायचं होतं. तेवढ्यात मागून कुणीतरी हाक मारली. इथे सामन्यानंतर कोपऱ्यातले झेंडे खेळाडूंनीच गोळा करायचे असत, आणि आज पाळी मिर्कोची होती. तो मोठ्याने करवादला आणि पाय ओढत मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडे निघाला.