पडवीतलं वेगळं ताट

निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली की मोठमोठ्या तपासांतली नावंसुद्धा आता पटकन आठवत नाहीत. पण बोरिवलीची ती सून आणि तिला वाढलेलं ते वेगळं ताट काही डोक्यातून जात नाही. त्या दिवशी दुपारपर्यंत माझ्या ठाण्यात एक बाई खुनाच्या प्रयत्नाची संशयित म्हणून बसली होती. तिच्याविरुद्ध जमलेला पुरावा भरपूर होता. गंमत म्हणजे, त्यातला शब्दन्शब्द खरा होता.

साठचं दशक सरत आलं होतं आणि मी सब-इन्स्पेक्टर होतो. बोरिवली पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी तेव्हा वाड्या होत्या. आंब्या-फणसाच्या झाडांत कौलारू घरं, मध्येच एखादी बैठी चाळ, मागे लगेच जंगल. कोकणातून आलेली गिरणी-कारखान्यातली माणसं आणि तिथलीच जुनी ख्रिस्ती कुटुंबं कुंपणाला कुंपण लावून राहायची. आमच्याकडे तक्रारी येत त्या कोंबड्यांच्या आणि हातभट्टीच्या. विषप्रयोग असा कधीतरीच.

सकाळी हजेरी चालू असताना हॉस्पिटलमधून मेमो आला. विषबाधेचा रोगी आला की कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरने पोलिसांना कळवायचं, हा नियमच आहे. मेमोत लिहिलं होतं, ‘वीस-बावीस वर्षांची विवाहित स्त्री, पहाटेपासून पोटदुखी व उलट्या, अत्यंत अशक्त. ढेकणांच्या औषधाची विषबाधा असल्याचा संशय.’

मेमो वाचून होतो न होतो तोच खबर देणारा दारात उभा राहिला. त्या घराचा शेजारी, साठीचा ख्रिस्ती गृहस्थ, एकटा राहणारा, भाजीचा मळा करणारा. त्यानेच टॅक्सी शोधून मुलीला हॉस्पिटलात पोचवलं होतं. जाताना फळीवरची ढेकणांच्या औषधाची अर्धी बाटलीही त्याने शहाणपणाने बरोबर नेली होती.

“साहेब, मी माझे डोल्यांनी बगितला,” तो म्हणाला. “काल संद्याकाली सगल्यांना आत जेवण, सुनेला मागे पडवीत येगला ताट. सासूने वरून वाडला, हात पन लावला नाय. आनि आज पोरगी वरडत होती तवा म्हातारी काय करत होती? पडवी धूत होती! ताट राखेने घासत होती!”

“भांडण व्हायचं दोघींचं?”

“रोज. पन सासू-सून हाय, भांडनारच ना.”

माणूस खोटं बोलणारा नव्हता. खोटं बोलणारे सगळं जुळवून सांगतात. हा आपल्याच तोंडून निघालेल्या शब्दांनी घाबरत होता. मी स्टेशन डायरीत नोंद केली आणि हवालदाराला घेऊन निघालो.

कॅज्युअल्टीतला डॉक्टर माझ्याच वयाचा, डोळे तांबारलेले. पोट धुवून काढलेलं पाणी त्याने बाटल्यांत भरून, सील करून आमच्यासाठी तयार ठेवलं होतं. असा नेटका डॉक्टर आम्हाला क्वचित भेटे. पण चेहऱ्यावर समाधान नव्हतं.

“काय झालं?” मी विचारलं.

“पटत नाहीये हो,” तो म्हणाला. “ढेकणांचं औषध पोटात गेलं की डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. हिच्या तशा नाहीत. तोंडाला वास नाही. उतारा म्हणून जी इंजेक्शनं देतो ती दिली, ढिम्म फरक नाही. पण पोटदुखी आहे, उलट्या आहेत, तोंडातून लाळ येतेय, आणि ही बाटली माझ्या टेबलावर आणून ठेवलीय. आता सांगा, मी दुसरं काय लिहू?”

मी ती बाटली उचलून पाहिली. तेव्हा उपनगरातल्या घराघरात ती असायची. माझ्याही घरी होती.

मुलगी खाटेवर निपचित पडली होती. पापण्या मिटलेल्या, ओठ अर्धवट उघडे, श्वास उथळ. शेजारी रात्रपाळीच्याच कपड्यांत नवरा उभा. भांडुपच्या कारखान्यातून सुटून तो घरी पोचला तर बायकोला हॉस्पिटलात नेल्याचं कळलं, म्हणून धावत इकडे आला होता. तो पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होता, “काल मी कामावर गेलो तेव्हा ही चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. चांगली होती हो!”

जबाब घेण्यासारखी तिची स्थिती नव्हती. मी हवालदाराला म्हणालो, “सासूला ठाण्यावर घेऊन या.” त्याच क्षणी चादरीवर तिचं एक बोट हललं. नख कापडावर खरवडल्यासारखं. झटका आला असेल, असं मला वाटलं; पण ते बोट डोक्यात राहिलं.

ठाण्यात आणलेली सासू म्हणजे मालवणकडची, काटक, उभं कुंकू लावणारी बाई. तिला आणताना हवालदाराने घराचा पंचनामा केला तेव्हा पंचांसमोर तिने सुनेचं अंथरूण माजघरात दाखवलं होतं आणि पंचनाम्यात तसं आलंही होतं. धाकटे दीर-नणंदा धरून घरात सगळ्यांनी काय खाल्लं, तर भात-भाकरी आणि सुकटाची आमटी. दुसरं कोणी आजारी नाही. सुनेला वेगळं ताट वाढलं, हे खरं? खरं. वरून वाढलं? होय. सकाळी पडवी धुतली? होय. प्रत्येक प्रश्नाला ती सरळ हो म्हणत होती, आणि मी बुचकळ्यात पडत होतो. गुन्हेगार निदान एक तरी गोष्ट नाकारतो.

“मग कारण सांगा ना बाई! सगळे आत जेवले, तिला एकटीलाच वेगळं ताट कशाला?”

तिने मान खाली घातली. पदर डोक्यावरून पुढे ओढला. माझ्याकडे नाही, हवालदाराकडेही नाही, फरशीकडे पाहत पुटपुटली, “तां बायकांचा असता, साहेब. पुरुषांका काय सांगतलंय?”

मी खुर्चीत मागे टेकलो. महिन्यातले तीन दिवस माझ्या घरी भात मी लावत असे. बायको कोपऱ्यात चटईवर, तिचं ताट-भांडं निराळं, आणि शेजारीपाजारी कोणी विचारलंच तर “कावळा शिवलाय” एवढंच उत्तर. ही रीत माझ्या घरात नांदत होती आणि ठाण्यात समोर आली तर मला ओळखू आली नाही! शेजाऱ्याच्या घरात ती नव्हतीच. नवरा कामावर गेल्यानंतर सून बाहेर बसली होती, त्यामुळे त्यालाही पत्ता नव्हता.

“म्हणजे रात्री ती माजघरात झोपलीच नव्हती,” मी म्हणालो.

म्हातारी रडू लागली. “पडवीत होती. गोणपाटार. पहाटे पोटात दुखता म्हणान वराडली, तशी मी तिका ओढून आत आणलंय. मगे लोक येतले, डॉक्टर येतलो... त्यांका कसा सांगू? म्हणान पडवी धुतलंय.”

ठाण्यातून मी थेट तिच्या घरी गेलो. पंचनामा माजघराचा झाला होता, आता पडवी पाहिली. जमीन शेणाने सारवलेली, एका अंगाला जळाऊ लाकडांचा ढीग, दुसऱ्या अंगाला जुनी कौलं रचलेली. भिंतीच्या बुडाशी उंदरांची बिळं. मागे दहा पावलांवर रान. गोणपाट जिथे पसरलं होतं ती जागा लाकडांना अगदी लागून. मला वैद्यकातलं काही कळत नाही; पण अशा जागी जमिनीवर झोपलेल्या माणसाने काय खाल्लं, यापेक्षा त्याच्या अंगावरून काय गेलं, हे आधी विचारावं, इतपत अक्कल होती.

हॉस्पिटलात परतलो तेव्हा तिचा श्वास आणखी मंदावला होता. मी डॉक्टरला पडवी सांगितली, गोणपाट सांगितलं. तो जागच्या जागी थांबला. मग झपाट्याने जाऊन त्याने अंगठ्याने तिची पापणी वर उचलली. आतली नजर हळूच त्याच्याकडे वळली.

“ही बेशुद्ध नाही,” तो म्हणाला. “हिला डोळे उघडता येत नाहीयेत.”

मला ते बोट आठवलं. मी वाकून तिच्या कानाशी म्हणालो, “पोरी, मी पोलीस. हो म्हणायचं असेल तर बोट हलव. नाही तर हलवू नकोस. सासूने तुला काही पाजलं?”

बोट हललं नाही.

“तू स्वतः काही घेतलंस?”

हललं नाही. आता सगळंच थंडावलं असेल तर?

“रात्री पडवीत झोपली होतीस?”

बोट हललं. कष्टाने, पण स्पष्ट हललं.

“मण्यार,” डॉक्टर म्हणाला. “चावते तेव्हा डास चावल्याएवढंही कळत नाही. सूज नाही, खूण नाही. पहाटे पोट दुखतं, मग पापण्या पडतात, मग गिळता येत नाही. ही लाळ सुटलेली नाही, तिला गिळता येत नाही म्हणून साचलीय!” बोलता बोलता त्याने सिस्टरला सापाच्या लसीसाठी पिटाळलं होतं. बाटली त्याने टेबलावरून उचलून माझ्या हातात दिली. “ही घेऊन जा. हिने सकाळपासून मला दुसरीकडे बघूच दिलं नाही.”

लस चढली, तरी श्वास थांबायचा तो थांबलाच. मग घशात नळी घालून रबरी फुगा हाताने दाबत राहायचं, एवढाच उपाय होता. डॉक्टर दाबत होता, थकला की सिस्टर, मग दुसरा डॉक्टर. त्यांना बघून नवऱ्याने हात जोडले आणि तोही शिकला. मी ठाण्यात फोन करून सासूला सोडायला सांगितलं. ती घरी गेलीच नाही. हॉस्पिटलच्या दाराशी, पायरीच्या बाहेर येऊन बसली. तो मळेवाला शेजारी तिच्यासाठी चहा घेऊन आला. चहा तिने घेतला.

दुसऱ्या दिवशी उशिरा मुलीचा स्वतःचा श्वास सुरू झाला. ती बरी झाली. पुढे रासायनिक विश्लेषकांचा अहवाल आला, की पोटातल्या पाण्यात कोणतंही विष आढळलं नाही. ते जनावर मात्र आम्हाला कधीच सापडलं नाही.

त्यानंतर माझी एक सवय झाली. कुठल्याही घरात तपासाला गेलो की लोक जी जागा दाखवतील ती पाहायची, आणि मग जी दाखवत नाहीत ती पाहायची. लोक लपवतात ते गुन्ह्यामुळेच असं नाही. लाजेपोटी लपवलेलं त्याहून जास्त असतं. आणि पोलिसाला काय किंवा डॉक्टरला काय, दोन्ही प्रकारचं लपवणं दिसायला सारखंच.

प्रकरण बंद करताना शेवटचा जबाब घ्यायला दोघींना ठाण्यावर बोलावलं. सून म्हणाली, “साहेब, तुम्ही आईंना घेऊन या म्हणालात ना, तेव्हा मी किंचाळत होते, त्यांनी काही केलं नाही म्हणून. आवाजच बाहेर येत नव्हता.”

मी जबाब सांगत होतो, हवालदार लिहून घेत होता. ‘सदर रात्री आजारी विवाहिता पडवीत झोपली होती, कारण...’ इथे तो अडला. माझ्याकडे बघू लागला. मीही घुटमळलो. म्हटलं, उकाडा होता, असं घालू का?

सासूने डोक्यावरचा पदर मागे सारला आणि पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत पाहिलं.

“खरा तां लिवा,” ती म्हणाली. “मी लाजलंय म्हणान चेडू हातचा जाता होता. आता आमच्या घरात बाहेर कोण निजणा नाय.”