आण्णांच्या दारातून परत गेलेल्या भेटी

शिवाजी पेठेतील आमच्या सकाळच्या कट्ट्यावर कुणीतरी देणगीदारांच्या मेजवान्यांची बातमी मोठ्याने वाचतो आणि मग सगळे माझ्याकडे पाहतात. आण्णांच्या गोष्टींचे असे आहे, एक बाहेर काढावी तर तिच्या पदराला धरून दुसरी येते. माझ्याजवळ त्या साठण्याचे कारण साधे आहे. नव्वदच्या दशकात मी आण्णांच्या ओसरीवर बसून लोकांचे अर्ज लिहून देत असे. शाळा माझी सातवीत सुटली. पुढचे सारे वाचनालयात झाले. तरीही सर्वजण मला मास्तर म्हणत, आणि मी ते नाकारले नाही.

आण्णा कोल्हापूरजवळच्या एका लहान नगरपालिकेच्या गावात नगरसेवक होते. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. तेथे तालमीमागे मुलांचे फुटबॉलचे मैदान होते, खेळासाठी राखीव. ते आरक्षण उठवून दुकानगाळे बांधण्याचे एका शेठजींनी मनावर घेतले होते. त्यासाठी नगरपालिकेच्या सभेत ठराव होणे आवश्यक होते. आण्णांनी तालमीत सर्वांसमक्ष सांगितले, "मैदान जाणार न्हाई. आणि शेठचा चहासुदीक माझ्या पोटात जाणार न्हाई."

शेठजींनी हे वाक्य आव्हान म्हणून घेतले असावे.

●

पहिल्या दिवाळीला शेठजींचा ड्रायव्हर स्टीलचा भला मोठा डबा घेऊन आला. आत आजऱ्याचे काजू, काठोकाठ. आण्णा घरी नव्हते. त्यांच्या पत्नीने, आमच्या वहिनींनी, डबा आत नेला आणि थोड्या वेळाने तसाच आणून ड्रायव्हरच्या हाती दिला. त्याने झाकण उघडले.

"वैनी, काजू तसंच हाईत की. वर ह्यो चिवडा कशाला?"

"तुमचं तुमाला परत. पर आमच्यात नुसता डबा परत धाडत न्हाईत," वहिनी म्हणाल्या. "म्हणून माझं थोडं वर घातलंय."

शेठजींनी तो चिवडा खाल्ला किंवा नाही हे कळले नाही. मात्र त्यानंतर त्यांनी डब्यातून काही पाठवले नाही.

●

पुढे आला तो रंगीत टीव्ही. आण्णा बाहेरगावी असताना दोघेजण तो ओसरीवर जोडून गेले. आण्णा परतले तेव्हा भारताचा क्रिकेटचा सामना ऐन रंगात होता आणि निम्मी गल्ली ओसरीवर बसली होती. आण्णांचे बालमित्र बापू सर्वांत पुढे, मांडी घालून.

आण्णांनी बटण बंद केले.

"मॅच तर संपू दे की, आण्णा," बापू काकुळतीला आले.

"मॅच संपल्यावर तुझंच मन उठायचं न्हाई. हातगाडी आण."

भर दुपारी आम्ही तो टीव्ही हातगाडीवर घालून बाजारपेठेतून शेठजींच्या बंगल्याकडे निघालो. दुकानादुकानांतून लोक डोकावत होते. एका पानवाल्याने विचारले, "आण्णा, काय झालं वो मॅचचं?"

"मॅचचं ठावं न्हाई," आण्णा गाडी ढकलत म्हणाले. "आमी आऊट व्हायचं वाचलो."

बापू मात्र चार दिवस आण्णांशी बोलले नाहीत.

●

मग शेठजींनी सत्काराचा मार्ग धरला. गणेशोत्सवाच्या मंचावर सर्व नगरसेवकांना त्यांच्या हस्ते फेटे बांधले जाणार होते. आमच्याकडे भर मंचावर फेटा नाकारणे म्हणजे समोरच्याचा जाहीर अपमान. आणि अपमान करणे आण्णांच्या स्वभावात नव्हते. बापूंना वाटले, आता आण्णा सापडले.

आण्णा त्या संध्याकाळी घरूनच फेटा बांधून निघाले. स्वतःचा, लग्नातला, किंचित विटलेला.

नाव पुकारले गेले. शेठजी भरजरी फेटा घेऊन पुढे आले आणि थबकले. बांधलेल्या फेट्यावर दुसरा फेटा कुणी चढवत नाही. सूत्रसंचालक माइकवरच म्हणाला, "आण्णा, ह्यो काढता काय?"

"काढला आसता," आण्णा म्हणाले, "पर तुमच्या वैनीनं बांधलाय."

समोर बसलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. शेठजींनीही वाजवल्या. दुसरे करण्यासारखे काही उरले नव्हते.

●

कुरुंदवाडकडील शेठजींच्या मळ्यात मटणाचे जेवण ठरले. जेवणाचे बोलावणे मोडू नये म्हणून आण्णा गेले. पंगतीला बसले आणि फडक्यात बांधून नेलेली भाकरी आणि खर्डा काढून शांतपणे जेवू लागले. मीही तेच केले. शेजारी बापू. त्यांच्यासमोर पांढऱ्या रश्श्याची वाटी वाफाळत होती.

"आण्णा," बापू हळूच म्हणाले, "ह्यो तर निम्मा पाणीच हाय. पाण्याला काय हरकत?"

"तू नगरसेवक न्हाईस. तुझं चालतंय. खा."

बापूंनी वाटी तोंडाला लावली. ती खाली ठेवून ते अत्यंत गांभीर्याने म्हणाले, "मास्तर, मला कधीबी निवडून आणू नका."

●

अखेर ठरावाची तारीख लागली. आदल्या आठवड्यात शेठजींनी नगरसेवकांना आरामबसने गोव्याला नेले. ठरावास लागणारे बहुमत त्या एका बसमध्ये मावले होते. घरी मात्र प्रत्येकाने सांगितले होते, देवदर्शनाला चाललो. बस परत येऊन थेट नगरपालिकेच्या दारात थांबणार, माणसे उतरून सभेत जाणार आणि हात वर करणार, अशी योजना होती.

आण्णा त्या सकाळी जेवले नाहीत. "मास्तर, मी एकटा उभा ऱ्हाणार. बाकी माझ्या हातात न्हाई," एवढेच बोलून ते सभागृहात जाऊन बसले.

वहिनी मात्र घरोघर फिरत होत्या. यात्रेहून आलेल्या माणसाच्या पायांवर पाणी घालायचे, त्याला ओवाळायचे, त्याच्याकडून प्रसाद घ्यायचा, ही आमच्याकडची रीत. बस आली तेव्हा नगरपालिकेच्या दारात सर्व यात्रेकरूंच्या बायका तांबे आणि आरत्या घेऊन उभ्या होत्या. मागे तालमीची मुले हलगी वाजवत होती.

प्रथम उतरले ते सर्वांत ज्येष्ठ नगरसेवक, नाना. त्यांच्या पत्नीने, काकूंनी, खाली वाकून पायांवर पाणी घातले, ओवाळले आणि पदर पुढे केला.

"परसाद द्या."

नानांनी एकदा सदऱ्याच्या खिशाकडे हात नेला, एकदा मागे बसकडे पाहिले. नंतर ओल्या पायांनी ते पुन्हा पायरी चढले. त्यांच्यामागे कुणीही उतरले नाही. दार आतून बंद झाले. खिडक्यांचे पडदे एकेक करून ओढले गेले.

आत सभेची घंटा वाजू लागली. ती बराच वेळ वाजत राहिली. सभागृहातून ठरावाला माणसे बोलावणारा शिपाई दोनदा दारात येऊन परत गेला.

काकू तांबा घेऊन नानांच्या खिडकीखाली गेल्या आणि काचेवर टकटक करून म्हणाल्या, "आवं, उतरू नका. पर देव कंचा हुता, तेवढं तरी सांगा."