आईनं आणलेला गोवर

आमच्या घरात कुणाला गोवर येऊन गेला, हे आबांच्या मटणावरून कळायचं. पोराच्या अंगावर पुरळ उमटला की आई देवीच्या नावानं दाराला कडुलिंबाचा डहाळा लावायची आणि घरात फोडणी बंद व्हायची. फोडणी नाही म्हणजे तांबडा रस्साही नाही. असे रविवार आबा, म्हणजे माझे वडील, वर्षानुवर्षं विसरत नसत.

गोवराची लस तेव्हा नुकतीच मिळू लागली होती. मागच्या गल्लीत गोवर आला, त्यातून एका पोराला न्यूमोनिया झाला, आणि बायकोनं माझ्यामागे टुमणं लावलं. नऊ महिन्यांच्या धाकटीला टोचून आणायचं आणि तीन वर्षांच्या थोरल्याचंही विचारून घ्यायचं. दवाखान्यात आम्ही सगळेच गेलो.

धाकटीचं झालं. नर्सबाईंनी थोरल्याकडे पाहिलं. "याला गोवर येऊन गेलाय?"

बापाला हे ठाऊक असायला हवं. पण उन्हाळ्यात त्याचं अंग लाल झालं, तेव्हा बायको बाळंतपणाला गडहिंग्लजला होती आणि मी शिरोलीच्या फाउंड्रीत जादा पाळ्या करत होतो. पोराचा सदरा वर करून एकदा बघितलंही नव्हतं.

"येऊन गेलाय की," आबा म्हणाले. "दोन रविवार कोरड्या भाकरीवर काढल्यात मी."

"पक्कं ना?"

"पक्कं," मीही मान डोलावली.

"मग राहू दे," म्हणत बाईंनी सुई खाली ठेवली. थोरला उड्या मारत दाराकडे निघाला. आईनं त्याचं बखोट धरलं.

"टोचा त्याला. गोवर न्हवता त्यो. घामोळं हुतं."

रांगेतल्या बायकांनी माना वळवल्या.

"डॉक्टरनं ह्यास्नी मटण बंद सांगितलेलं," आई नर्सबाईंना म्हणाली. "माझं कोण ऐकतंय? देवीचं नाव काढल्यावर गप बसले."

"देवीला खोट्यात घातलीस व्हय?" आबांचा आवाज चढला.

"तिला सांगून केलं. तिलाबी पटलं."

नर्सबाई तोंडावर रुमाल धरून हसल्या आणि त्यांनी दुसरी सुई घेतली. बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं, की ते पाहणं मला आजही आठवतं. माझ्या एका 'पक्कं'वर पोरगा तसाच घरी गेला असता.

थोरला भोकाड पसरून बाहेर आला. फाटकाजवळच्या कडुलिंबाचा डहाळा आईनं मोडून घेतला.

"आता कशाला?" आबा.

"लशीनं ताप येतोय म्हणाल्या न्हवं बाई? आठवडाभर फोडणी न्हाय."

आबांनी आशेनं माझ्याकडे पाहिलं.

"त्याच्याकडं बघू नगासा," आई म्हणाली. "उन्हाळ्यात दोघं कुठल्या खानावळीत जेवून येत हुतासा, ठाऊक हाय मला."