वसंताची पाचवी गाठ

आमच्या बॅचचे किस्से सुरू झाले की माझ्या घरचे एकेक करून उठतात. नातू तर सरळ म्हणतो, "आजी, आता गोगलगाय येणार!" येते, काय करू? एम.एस्सी.च्या दोन वर्षांतले सहा आठवडे मालवणच्या खडकांवर काढले, आणि त्या सहा आठवड्यांचे किस्से इतके साठलेत की एकाला हात लावला की दुसरा आपोआप बाहेर येतो. परवा आमच्या वर्गातला पाटील भेटायला आला होता. दोघांचाही चहा गार झाला. हसण्यासारखे किस्से थोडे आहेत, ते आधी सांगून टाकते.

*

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. कोल्हापूरच्या कॉलेजातले आम्ही सात जण आणि सर. विषय, समुद्रातले बिनकण्याचे प्राणी. वर्गात वर्षभर बरण्यांतले नमुने बघून वहीत चित्रं काढली होती. समुद्रफूल नावाचा प्राणी मी बरणीत पाहिला तो सोललेल्या कांद्यासारखा दिसत होता, म्हणून मी चित्रही कांद्याचंच काढलं. सरांनी त्याला दहापैकी सात दिले!

मी बांद्याची. समुद्र जवळच, पण माझी त्याच्याशी ओळख ताटातल्या माशापुरती. मालवणला पहिल्या सकाळी सरांनी मला एका डबक्यापाशी ओणवं केलं. पाण्यात हिरवी, नाजूक बोटं पसरून काहीतरी हलत होतं. मी म्हटलं, "सर, हे कुठलं झाड?"

"हाच तुमचा कांदा," सर म्हणाले. "ते चित्र फाडा आता. सात मार्क राहू द्या."

*

सरांचा एक नियम फार कडक होता. खालचा प्राणी बघायला दगड उलटलात, तर तो होता तसा, होता त्याच कुशीवर परत ठेवायचा. दगडाखाली सावलीत राहणारं उन्हात मरतं आणि उन्हातलं खाली चिरडतं. एकदा आम्ही जेवायला बसलो होतो. पाटलाचा दुसरा घास हातात होता आणि सरांनी सहज विचारलं, "शेवटचा दगड कुणाचा होता?" पाटलाने घास ताटात ठेवला.

"पाटील, तुमच्या घराचं छप्पर काढून माणूस जेवायला गेला तर चालेल का तुम्हाला?"

पाटील तसाच खरकट्या हाताने पळाला. पाऊण तासाने आला तो मान खाली घालून. भरती लागली होती, दगड पाण्याखाली गेला होता. त्या दिवशी तो जेवलाच नाही. अजूनही त्याच्या बागेतली कुंडी कुणी सरकवली की तो जागेवर नेऊन ठेवतो.

*

तेव्हा दारूबंदी होती आणि आमचे नमुने स्पिरिटमध्ये. पाटील काचेची बरणी घेऊन बाजारातून येताना हवालदाराने धरला. बरणी हुंगली, आणि मोठ्या आवाजात, "खंयची दारू ही?"

पाटलाने घाबरून परवान्याचा कागद शोधायच्या आधी बरणीच उजेडात धरली. आत वीतभर लांबीचा, शेकडो पायांचा समुद्री किडा वेटोळं घालून बसलेला. हवालदार दोन पावलं मागे सरला.

"शी! ह्या कोण पितलो रे?"

*

आता वसंताचं सांगते.

वसंत आमच्या वर्गातला, मालवणचाच. घरात तो आणि त्याची आई, दोघंच. वर्गात मी एकटी मुलगी, म्हणून माझी राहायची सोय त्याच्या घरी लावली आणि तो बाकीच्या मुलांबरोबर शाळेच्या वर्गात झोपायला गेला. त्याच्या आईला मी काकी म्हणायचे. काथ्या वळून तिने त्याला शिकवलं होतं. त्याचे वडील आठ वर्षांपूर्वी होडी घेऊन गेले ते आलेच नाहीत. होडीही नाही आणि माणूसही नाही. त्या दिवसापासून काकीने वाळूवर पाऊल टाकलं नव्हतं. आणि वसंताला शपथ घातली होती: "होया ता शीक. पण दर्याच्या पाण्यात पाय नाय नि होडयेत पाय नाय. घातलंस तर माझा मेलला तोंड बघशीत!"

तुम्ही म्हणाल, मग हा समुद्री प्राणी शिकायला आलाच कसा? अहो, प्राणीशास्त्र म्हणजे गाई-म्हशी, असा काकीचा समज! माझो झील गुरांचो डॉक्टर होतलो, असं ती आपल्या मुलाबद्दल शेजाऱ्यांना सांगत होती. आणि वसंताला दुसरं काही आवडतच नव्हतं. ओहोटीला पाणी मागे हटलं की तो खडकांवर उतरायचा. मध्ये डबकं आलं तर उडी मारून ओलांडायचा. बघायचं असलं की डबक्याच्या काठावर पालथा पडायचा आणि खांद्यापर्यंत हात आत घालायचा. मी एकदा चिडवलं, तर म्हणाला, "पाय म्हटलंय. हाताबद्दल बोलली नाही ती." पण हसला नाही.

आम्हा सगळ्यांत जास्त प्राणी त्याच्याच वहीत होते.

*

अडचण दोरीची होती. सरांची पद्धत अशी, की प्रत्येकाने आपली एक दोरी भरतीच्या रेषेपासून समुद्राकडे सरळ ताणायची. दोरीला पाच गाठी. प्रत्येक गाठीपाशी हातभर जागेत काय काय राहतं, किती, कसं, ते नोंदवायचं. वरच्या कोरड्या खडकावर राहणारं खाली सापडत नाही आणि खालचं वर जगत नाही. ते आपल्या डोळ्यांनी कळायला हवं. चार गाठी ओहोटीला उघड्या पडायच्या. पाचवी मात्र कमरेइतक्या पाण्यात; वसंताने तर ती दगड बांधून खडकावरूनच फेकली होती.

पाचही गाठी भरल्याशिवाय सर जर्नलवर सही करणार नव्हते, आणि सही नाही तर परीक्षेला बसता येत नव्हतं. "वर्गातल्या कुणीही दुसऱ्याच्या दोरीला हात लावायचा नाही," हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं.

पाटील म्हणाला, "एखाद्या मच्छीमाराला विचारू. तो उतरेल तुझ्यासाठी."

वसंत एकदम तडकला. "माझ्यासाठी दुसऱ्या कुणाचा मुलगा पाण्यात घालू? नाही व्हायचं मला एम.एस्सी.!"

मग मीच काकीपाशी बसले. म्हटलं, "काकी, शपथ घालणाऱ्याने सुटली म्हटलं की सुटते. एका सकाळपुरती म्हणा ना!" सगळं समजावलं. दोरी, गाठी, सही, परीक्षा. तिच्या हातातला काथ्या थांबला नाही.

"बाये, दर्यान माझो एक नेल्यान. दुसरो मी दिवचंय नाय."

मला राग आला होता तिचा. आज सांगायची लाज वाटते, पण त्या रात्री मी तिच्याशी बोललेसुद्धा नाही.

*

अमावास्येची ओहोटी सगळ्यांत मोठी असते. वसंताने दिवस मोजून ठेवले होते. त्या सकाळी तांबडं फुटायच्या आत आम्ही सगळे खडकावर होतो. सरही. पाणी हटत गेलं, हटत गेलं. चौथी गाठ कधीच मागे पडली. जिथे एरवी लाटा फुटतात तिथले दगड उघडे पडले. वसंत पाण्याच्या कडेने एकेक पाऊल पुढे सरकत होता, बोटं ओली होणार नाहीत अशा बेताने.

पाचवी गाठ वीतभर पाण्याखाली दिसायला लागली. वीतभर! वसंताने काठावर पालथं पडून हात लांबवला तरी पोचला नाही, आणि पाणी तिथेच थांबलं. थोडा वेळ थांबलं आणि मग वळलं.

वसंत एकेक पाऊल मागे येत राहिला. एक पाय टाकला असता तर काम झालं असतं, आणि बघणारे आम्हीच होतो. पाटील पुटपुटला, "अरे, टाक ना." वसंताने ऐकलं, पण टाकला नाही. सरांनी चष्मा काढून रुमालाने पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "उद्याची सकाळ शेवटची. परवाची एस.टी. आहे."

वसंत दुपारी घरी जेवायला आला. भाताला हात लावून उठला. काकीने त्याचं ताट उचललं. तो गेल्यावर मला म्हणाली, "कितक्या पाण्यात आसा ती गाठ?"

"आज वीतभर राहिली होती. एरवी कमरेइतकी असते."

"कोणाच्या?"

मी म्हटलं, "माझ्या." तिने मला उभं केलं आणि खालपासून वरपर्यंत बघितलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळची ओहोटीही गाठ उघडी न करताच वळली; पाणी चढायला लागलं आणि आम्ही खडकावर सामान आवरत होतो. वसंत चौथ्या गाठीपाशी नुसता बसला होता. वाळूवरून काकी आली. कासोटा घट्ट बांधलेला. कुणाकडे न बघता खडक उतरली, वसंताच्या बाजूने पुढे गेली आणि दोरी हाताने धरून सरळ पाण्यात शिरली.

"आये, नको गो! परत ये!" वसंत ओरडला. कडेपर्यंत धावला आणि तिथेच खिळला.

"गप रव! काय बघूचा ता सांग."

पाणी तिच्या कमरेला लागलं. लाट आली की छातीपर्यंत चढत होतं. ती ओणवी झाली, हात खाली घातला. सरांनीच त्याच्या हातात वही-पेन्सिल दिली आणि म्हणाले, "विचार. नीट विचार."

"दगडाक... दगडाक चिकटलेला आसा काय सुटा?"

"चिकटलेला!"

"मऊ काय कडक?"

"मऊ! हात लावलंय तर आत गेला!"

"कितके आसत?"

ती मोजत होती, तो लिहीत होता. तो रडत होता आणि लिहीत होता. आम्ही सगळेच रडत होतो, पाटीलसुद्धा. प्रत्येक दगड ती होता तिथे परत ठेवत होती. तिला तसं कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटी ओच्यात पाच-सहा जिवंत नमुने घेऊन ती वर आली. सरांनी ते स्वतः समुद्राच्या पाण्याने भरलेल्या ताटलीत घेतले. तिथेच खडकावर बसून जर्नल उघडलं, पाचवं पान पुन्हा वाचलं आणि सही केली. पाटलाने नियमाचं काहीतरी विचारलं असावं, कारण सर म्हणाले, "नियम माझ्या वर्गाला आहे. या बाई माझ्या वर्गात नाहीत."

घरी परतताना मी काकीबरोबर होते. तिचं लुगडं निथळत होतं, दात वाजत होते. मला राहवलं नाही. म्हटलं, "काकी, स्वतः उतरलात, त्यापेक्षा काल शपथ सुटली म्हणाला असतात तर?"

ती थांबली. मला अगदीच काही कळत नाही, अशा नजरेने तिने माझ्याकडे बघितलं.

"शपथ मी झिलाक घातलंय. माका कोणी घातल्यान?"