आजीची पाटी

नातीला नर्सरीत घातलं तेव्हा ती अखंड बडबड करायची. मुलगा-सून कामावर, घरात दिवसभर आम्ही दोघीच, त्यामुळे तिची बोली माझीच, मालवणी. कांदिवलीच्या सातव्या मजल्यावरून ती कावळ्याला विचारायची, "खंय जातंस रे?"

शाळा इंग्रजी. जुलैत बाईंनी आईबापांना बोलावून घेतलं. पोरगी वर्गात "माका तान लागली" म्हणत राहिली आणि तिला पाणी हवंय हे कुणाला कळलंच नाही. घरी फक्त इंग्रजी बोला, असं बाईंनी बजावलं.

संध्याकाळी मुलगा माझ्याजवळ येऊन बसला. "आई, थोडे महिने तिच्याशी नको ना बोलूस मालवणीत. तिच्यासाठीच गं."

मला संताप आला. ज्या तोंडानं पोरीला बोलायला शिकवलं, तेच आता आड येत होतं. पण दिवसभर तहानलेली नात डोळ्यांपुढे आली आणि मी हो म्हटलं. मला इंग्रजी येत नाही, म्हणजे गप्पच बसायचं. मी खुणेनं भरवू लागले. सुरुवातीला ती माझी हनुवटी धरून तोंड स्वतःकडे वळवायची. मग तेही थांबलं. ते थांबलं तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

दसऱ्याची मात्र मी वाट बघत होते. आमच्याकडे पाटीवर एकाचे आकडे मांडून सरस्वती काढतात, पूजा करतात आणि लहान मुलाचा हात धरून, तोंडानं म्हणत गिरवून घेतात. तेव्हा तरी मला बोलावंच लागणार, त्याला कोण अडवणार? मी पाटी पुसली, सरस्वती काढली, झेंडू वाहिला. सुनेनं शेजारी टॅब ठेवला. म्हटलं, असो, त्यालाही हळदकुंकू.

नातीच्या वर्गातली शेजारची मुलगी आली होती. तिनं पाटीकडे बोट दाखवून मला काहीतरी विचारलं. मी तोंड उघडणार, तोच नात म्हणाली, "आजी डझन्ट टॉक."

तक्रार नव्हती त्यात. पंखा बंद आहे, असं सांगावं तसं तिनं सांगितलं.

सुनेचा चेहरा पडला. "आई, बोला ना तुम्ही," ती हळूच म्हणाली.

मी नातीला मांडीवर घेतलं आणि तिचा हात धरून एक गिरवला, मग आणखी एक. किती दिवस साठवलेलं सांगायचं होतं. पण मी नुसता पुढचा एक गिरवत राहिले आणि पोरीचं म्हणणंच खरं ठरलं.