आवडीचा नारळ

माझी शाळा चौथीपर्यंत. एक खोली, एक गुरुजी, आणि पावसाळ्यात त्याच खोलीच्या कोपऱ्यात गुरुजींची शेळी. अजूनही सातचा पाढा म्हणताना मला शेळीचा वास येतो. ती शेळी एकदा हजेरीपट कशी खाऊन बसली आणि आम्ही सगळे आठवडाभर गैरहजर कसे ठरलो, ते सांगण्यासारखं आहे. पण ते परत कधी. आज माझ्या नातीचं, आवडीचं सांगायचं आहे.

आमची वाडी पोलादपूर तालुक्यात, कुडपणच्या वाटेवर, डोंगराच्या माथ्यावर. बावीस घरं, त्यातल्या नऊ घरांना वर्षभर कुलूप, माणसं मुंबईला. वाडीपुढं थोडा सपाट माळ आणि माळ संपला की कडा. आवडी तिसरीत असताना शाळेवर नवे मास्तर आले आणि त्यांनी पदरच्या पैशानं एक फुटबॉल आणला. पहिल्याच दिवशी पोरांनी लाथ मारली नि चेंडू कड्यावरून खाली. उतरायला तास, चढायला दोन तास. मास्तरांनी नियम केला, ज्याच्या पायाचा चेंडू जाईल त्यानं आणायचा. दोन पोरांनी एकेकदा आणला आणि फुटबॉल सोडून दिला. आवडीनंही एकदाच आणला. वर आली ती करवंदीच्या काट्यांनी ओरबाडलेली, आणि मला म्हणाली, "आबा, याला लांब जाऊच द्यायचा नाय."

नाहीच गेला मग तो. गोंदाने चिकटवावा तसा चेंडू तिच्या पायाला. आमच्या शेळ्या माळावर चरत असायच्या, त्यांच्या पायांतून ती चेंडू काढायची आणि एकाही शेळीचं तोंड गवतातून वर यायचं नाही. पुढं आत्याकडे मुंबईला शिकायला गेली, तिथं एका क्लबनं तिला उचललं. तिचे सर मैदानाबाहेरून ओरडायचे, "आवडी, पास दे! पास दे!" ही काही देत नसे. शेवटी त्यांनी तिला जवळ बोलावून विचारलं, तेव्हा तिनं कड्याचं सांगितलं. सर म्हणाले, "अगं बाळ, इथं कडा नाहीये." हे तीच मला हसत हसत सांगायची.

एकविसाव्या वर्षी क्लबनं तिच्यापुढं दोन वर्षांचा करार ठेवला. महिना बारा हजार, तेही वर्षातले सातच महिने. सही महिनाअखेरीपर्यंत.

इथं मला माझ्या मुलाचं, भरतचं सांगायला हवं. भरत मुंबईला बेकरीत होता. पिठाची पोती उचलून पाठ गेली, तेव्हापासून घरी. चार शेळ्या, एक म्हैस, थोडी नाचणी. त्याला मुलगा नाही, आवडी एकटीच. आमच्यात रीत अशी, की चैत्रातल्या जत्रेआधी देवळासमोरच्या सहाणेवर, म्हणजे पालखी टेकवायच्या चौथऱ्यावर, गाव बसतो. मुंबई मंडळाचा चिटणीस कमावत्यांची नावं वाचतो. ज्याचं नाव येईल तो उठतो, वर्गणी देतो, आणि गावकार त्याच्या हातात नारळ ठेवतो. नारळ तो काय, पण तो हातात घेऊन माणूस जागेवर परत येतो तेव्हा त्याची चाल बघावी. पाठ गेल्यापासून भरतचं नाव कुणी वाचलं नव्हतं. तो मागे चाफ्याच्या बुंध्याशी बसायचा. बाईचं नाव तर कधीच नाही. आमच्या वाडीतली सारिका तालुक्याच्या गावी दवाखान्यात पगारी नोकरीला आहे, पण तिचा नारळ तिचा नवरा घेतो.

आवडीला त्या वर्षी स्थळं यायला लागली होती. तिनं बापाला दोन वर्षं मागितली. भरत वाईट माणूस नाही, पण गाव म्हणेल ती पूर्व दिशा असला माणूस. तो म्हणाला, "गावानं तुझं नाव कमावत्यांत घातलान तर तू खेळ. मग मला कोण इचारणार नाय की पोरगी घरात का ठेवलीस. नाय घातलान, तर यंदा लगीन."

"घालतील," आवडी म्हणाली. "मी कमावते ना बाबा?"

जत्रेच्या दोन दिवस आधी सकाळी गाव बसला. चिटणीस किशोर मुंबईहून गोणीभर नारळ घेऊन आला होता. गावकार महिपती, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, टोपी घालून मधोमध. बायका बाजूला पडवीत. नावं वाचून संपली, नारळ वाटून झाले, गोणीत दोन उरले, एक देवाला फोडायचा आणि एक वरचा, जादाचा. तेव्हा भरत चाफ्याखालून उठला आणि म्हणाला, "माज्या आवडीचं नाव घाला. तिला पगार हाय."

किशोर म्हणाला, "पगार कसला?"

"फुटबॉलचा," पडवीतून आवडीच बोलली.

"खेळाला पगार म्हणायचा काय गो?"

"मोरूला म्हणता की तुमी," आवडी म्हणाली. मोरू आमचा टेनिस क्रिकेटवाला. सामन्याला कुणी गाडी पाठवली, हजार रुपये दिले, की वर्षभर वाडीत तोच विषय.

"अगं, मोरूची मॅच बघायला दोन हजार मानूस असतं," किशोर म्हणाला. "तुज्या मॅचला किती?"

आवडीला खोटं बोलता येत नाही. हा दोष आमच्या घराण्यातला नाही, तिच्या आईच्या माहेरचा. म्हणाली, "दोनशे."

"दोनशे!" मागून कुणीतरी म्हणालं, "आमच्या बारशाला जास्त असतात."

"बरं," किशोर म्हणाला, "तुज्या त्याच क्लबात बाप्ये पन खेळतात ना? त्यांना किती?"

"धाकट्यातल्या धाकट्याला माझ्या दसपट."

"बघा," किशोर म्हणाला, पण कुत्सितपणे नाही, हिशेब सुटल्यासारखा. "क्लबवालेच तुला पुरता पगार देत नायत, तर आमी कशी कमावती म्हनू? खरा खेळ असता तर लोकांनी पैसे टाकून बघितला नसता का?"

"बगायला जागाच नाय ठेवत. आमची मॅच भर दुपारी, तीन वाजता, बाजूच्या मैदानात. कोन येल?"

"पोरगी खेळते झकास, कोन नाय म्हनतो?" एक म्हातारा म्हणाला. "मी मोबाइलवर बघितलंय. पन लगीन झाल्यावर काय?"

पडवीतून सगुणाबाई म्हणाली, "आन गुडघा मोडला म्हंजे? कोन करील तिला?" सगुणाबाईचा स्वतःचा गुडघा भात लावून लावून मोडलाय, पण ते कुणी काढलं नाही.

असं पाऊण तास चाललं. नाही कुणी म्हणेना, हो कुणी म्हणेना. आमच्याकडे हात वर करून मोजत नाहीत. सगळ्यांचं बोलणं एका बाजूला झुकेपर्यंत बसायचं. आणि मला दिसत होतं, ते हळूहळू आवडीकडे झुकत होतं. म्हातारा झुकला होता. मोरूसुद्धा म्हणाला, "घाला रे, एक नारळ तर हाय." तेव्हा महिपती माझ्याकडे वळला. "रावजी, तू बोल. तुजी नात. तू म्हनशील ते."

आता माझ्याकडे या प्रसंगाला अगदी फिट्ट बसणारी गोष्ट होती. ती तुम्हालाही सांगतो.

मी नि माझा जोडीदार भिकू, आम्ही विशी-बाविशीचे, तेव्हा पाचाडला डोलीच्या कामावर होतो. लोकांना डोलीत घालून रायगडावर न्यायचं. एक दिवस एक साहेब जीपमधून आला. अंगानं काडी, डोलीत बसवला तरी डोली वाऱ्यानं हलेल. त्याचे दहा रुपये ठरले, तो दुसऱ्या डोलीवाल्यांनी घेतला. मग तो म्हणाला, मिसेस पण आहेत. मिसेस जीपच्या मागच्या बाजूला. भिकू न बघताच म्हणाला, "बाईमानूस हलकं, बाईचे सात." ठरलं. बाई खाली उतरल्या आणि जीप चार बोटं वर आली.

इथंच सहाण हसून फुटली. मी उभा राहिलो, भिकू कसा डोलीच्या दांडीखाली शिरला ते करून दाखवलं. पहिल्या वळणावर त्याची जीभ, दुसऱ्यावर डोळे, तिसऱ्यावर त्यानं डोली टेकवून हात जोडले, "बाईसाहेब, दर चुकला!" महिपतीची टोपी पडली. सगुणाबाई पडवीत भिंतीला डोकं लावून हसत होती. भिकूला जाऊन दहा वर्षं झाली, पण त्या दिवशी तो तिथं चालत होता, आणि मी त्याला चालवत होतो. काय सांगू तुम्हाला, असा रंग आयुष्यात चारदाच भरला असेल. मी भिकूचा घाम पुसला, भिकूचं धोतर सावरलं. मुद्दा असा होता, की वजन ते वजन, बाईचं असो की बाप्याचं. खांदा तेवढाच दुखतो. गोष्टीला शेपूट होतं. तिथवर यायचं होतं मला.

महिपती डोळे पुसत म्हणाला, "बास रे बास, रावजी, मारशील." गोणीत हात घालून त्यानं वरचा नारळ काढला. "ह्यो रावजीच्या गोष्टीचा नारळ!" आणि माझ्या हातात ठेवला. दुसरा देवापुढं फोडला. लोक खोबऱ्याचे तुकडे घेऊन हसतच पांगले.

मी तो नारळ दोन्ही हातांनी घेतला होता. आणि जागेवर परत आलो तेव्हा माझी चालही तशीच असणार.

घरी भरत ओटीवर बसला. म्हणाला, "गाव हसला, बाबा."

"हसला. नाय म्हनाला नाय."

"हसल्यावर काय राहिलं?"

आवडी आतून आली. रडलेली नव्हती. "आबा, तुमी शेवट नाय सांगितलात."

"त्यांनी सांगू कुठं दिला गो?"

"तुमालाच हसू येत होतं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी महिपतीकडे गेलो, म्हटलं, गोष्टीचा शेवट राहिलाय. मी "पाचाडला" म्हटल्याबरोबर तो हसायला लागला, बायकोला हाक मारून म्हणाला, "आगो ये, जीप वर आली ती आयक." जत्रेनंतर किशोरला मुंबईला फोन केला, तर त्यानं तो स्पीकरवर टाकला आणि तिथले चौघे हसले. महिनाअखेर आली नि गेली. क्लबनं एकदा फोन केला, मग दुसरी मुलगी घेतली. मुली काय, दारात उभ्याच असतात म्हणे, बारा हजारांनासुद्धा.

मे महिन्यात आवडीचं लग्न झालं. मुलगा नाते गावचा, चंदन. महाडच्या कारखान्यात आहे, दारू नाही, तोंडात वाईट शब्द नाही. त्याच्यात खोट काढायला गेलो तर मलाच पाप लागेल. नाते गाव सगळं सपाट. चेंडू कितीही लांब मारा, शेताच्या बांधाशी थांबेल.

या दिवाळीत मी तिकडे गेलो. तिची सासू मोठ्या मनाची बाई. म्हणाली, "तुमची डोलीची गोष्ट ऐकायचीय, सगळे सांगतात." मी सांगितली. ओटी माणसांनी भरली होती, शेजारचीही आलेली. जीप वर आली तिथं सगळे हसले. आवडीही हसली. तिला ठाऊक होतं, म्हणून इतरांच्या जरा आधीच हसली. मी म्हटलं, "थांबा, पुढं हाय." तोवर सासू चहा ठेवायला उठली होती, शेजारी घराकडे निघाले होते. आवडी म्हणाली, "राहू दे आबा. एवढीच बरी हाय."

तेव्हा ते शेपूट इथं लिहितो. तुम्ही मध्ये हसणार नाही. गडावर पोचल्यावर बाईंनी आम्हाला दर विचारला. भिकूनं सांगितला. बाई साहेबाला म्हणाल्या, "मग यांना माझेही दहा द्या. ओझं तर मीच जास्त आहे." साहेब म्हणाला, "ठरलं ते ठरलं. बायकांचा दर कमीच असतो, सगळीकडे." पैसे त्याच्याच खिशात होते. परत निघताना बाई मात्र डोलीत बसल्या नाहीत. साहेब डोलीतून खाली आला, बाई पायऱ्या उतरत आल्या, आणि त्यांच्या मागे मी नि भिकू रिकामी डोली घेऊन.

हे सहाणेवर सांगितलं असतं तर गाव झुकला असता का? आधी वाटायचं, झुकला असता. आता तेही वाटत नाही. तो नारळ अजून आमच्या फडताळात आहे. तुळसानं, म्हणजे आवडीच्या आईनं, तो फोडला नाही, देवालाही वाहिला नाही. आतलं पाणी कधीच आटलं.

दिवाळीत नात्याहून निघालो त्या दिवशी आवडी मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. एसटी दिसली तेव्हा म्हणाली, "आबा, ती बाई खाली चालतच उतरली ना?"

"चालतच."

"मंग," ती म्हणाली, आणि माझी पिशवी माझ्या हातात दिली.