पाहुण्यांसमोर विहिरीचं बोलायचं नाही

माझं वाक्य अर्धंच झालं होतं. शिबिराच्या ताईंनी मागून येऊन माझ्या हातातला माइक काढून घेतला. हसत हसत. आणि सगळ्यांना म्हणाल्या, "पाड्यावरची पोर आहे. कुठं काय बोलायचं याचं अजून वळण नाही."

लोक हसले. वसईतलं सभागृह. पुढच्या रांगेत बोळिंजच्या सोसायट्यांमधून आलेली ताईंच्या संस्थेची मंडळी. मंचावर प्रमुख पाहुणे, गळ्यात हार घातलेले शेठ. तेही हसले.

मी तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची. आमचा वारल्यांचा पाडा कामणच्या पुढे, भिवंडी रोडपासून आत. ताई तिथं युवा नेतृत्वाचं शिबिर घ्यायच्या. दर रविवारी, शाळेच्या ओट्यावर. बारावीपर्यंत गेलेली पाड्यात मी एकटीच, म्हणून त्यांनी मला गटनेती केलं. ताठ उभं कसं राहायचं, समोरच्याच्या डोळ्यांत बघून कसं बोलायचं, सगळं त्यांनीच शिकवलं. आमच्या घरी मांडी घालून बसायच्या, तांदळाची भाकर आणि सुकट खायच्या. आई म्हणायची, "ही बाई आपली हाय." मलाही तसंच वाटायचं.

म्हणून मी त्यांना विहिरीचं सांगितलं. आमच्या विहिरीच्या वाटेवर गोदामाची भिंत उभी राहिली होती. बायका कंटेनरच्या रस्त्याने वळसा घालून पाणी आणायच्या. ट्रक अंगावर आला म्हणून आई हंड्यासकट गटारात पडली. तिचा मोडलेला हात पुन्हा नीट जुळला नाही. ऐकताना ताईंचे डोळे भरून आले होते. म्हणाल्या, "समारोपाला हेच बोल."

मी तेच बोलत होते. आईच्या हातापर्यंत आले होते.

माइक घेतल्यावर ताईंनी मला मंचामागे नेलं. चहाचा ट्रे हातात दिला. "शेठना चहा दे आणि माफी माग. ते गोदाम त्यांचं आहे. शिबिरालाही तेच मदत करतात."

मी विचारलं, "ताई, तुम्हीच बोल म्हणालात ना?"

"तेव्हा शेठ येणार हे ठरलं नव्हतं. तुला सांगायचं राहून गेलं. आता हट्ट करू नकोस. शिबिर बंद पडलं तर बाकीच्या मुलांचं नुकसान होईल."

आवाज तोच होता. आमच्या घरी भाकर खाताना असायचा, तोच गोड. शिव्या दिल्या असत्या तर मी सोसल्या असत्या.

ट्रे मी टेबलावर ठेवला. म्हणाले, "विहीर आमची आहे. मी माफी मागणार नाय."

खाली खुर्च्यांवर आमच्या गटातल्या पोरी बसल्या होत्या. त्यांच्यासमोरून मी बाहेर पडले. एकीनेही मान वर केली नाही.

ताई पाड्यावर येत राहिल्या. आमचं घर टाळून जायच्या. दुसरी पोर गटनेती झाली. आई माझ्यावरच भडकली. "मोठ्यांच्या वाटेला कशाला गेलीस? आपल्याला इथंच ऱ्हायचंय."

मी एकटीच ग्रामसभेला गेले. उभी राहिले आणि विहिरीची वाट कधी उघडणार ते विचारलं. सरपंच म्हणाले, "कोणत्या संस्थेची गं तू?"

"कुठल्याच नाय. पाड्यातली हाय."

"मग पुढच्या सभेत बघू."

पुढच्या सभेलाही ते तेच म्हणाले. तेव्हा आई माझ्याशेजारी येऊन बसली होती. ये म्हणून मी सांगितलं नव्हतं. सभा संपेपर्यंत ती उठली नाही. त्यानंतर पाड्यातल्या आणखी बायका यायला लागल्या. माझ्या गटातल्या दोन पोरीही आल्या. मी त्यांना काही विचारलं नाही.

वाट अजून बंद आहे. गोदामाला आता दुसरा मजला चढला आहे. ताईंची संस्था मोठी झाली म्हणतात. झाली असेल.

या खेपेला पंचायतीच्या निवडणुकीला मी उभी राहणार आहे. कोणाच्या कृपेने नाही, कोणाला विचारून नाही. पडले तर पुढच्या खेपेला परत. ती भिंत मला पाडायची आहे.